बूट घातलेली मुलं

सोमवार, २ फेब्रुवारी

मुंगी आज पुन्हा चावली. यावेळी धाकट्या जुळ्याच्या दंडाला. रक्त आलं नाही, पण वरचे-खालचे सगळे दात मोजून घ्यावेत असे उमटले. संध्याकाळी जुळ्यांची आई बँकेतून आली, तिने बाही वर करून दंड पाहिला आणि दारातच उभी राहून म्हणाली, "मावशी, ही तिसरी वेळ. आम्ही मुलं तुमच्याकडे सांभाळायला ठेवतो, चावून घ्यायला नाही."

म्हटलं, "बघते मी."

"बघू नका, काढा तिला. महिनाअखेरपर्यंत वाट बघतो. नाहीतर आम्ही पाचजणी मिळून मुलं दुसरीकडे टाकणार. बोलणं झालंय आमचं."

म्हणजे माझ्याच दाराबाहेर माझीच सभा भरून उरकलीसुद्धा! मला तोंडावर कुणी दटावलं की माझं उलटंच होतं. तिने गोड बोलून सांगितलं असतं तर कदाचित मी विचार केला असता. आता नाही. बावीस वर्षं हे पाळणाघर चालवतेय, एकही मूल परत पाठवलेलं नाही. नाक पुसलं, ढुंगण धुतलं, उलट्या झेलल्या. दातांना घाबरू होय?

मुंगी हे तिचं खरं नाव नव्हे. आल्या दिवशी बिस्किटाचा चुरा एकेक करून वेचत बसली होती, म्हणून वन्संनी ठेवलं. तेव्हा ती चावते हे कुणाला माहीत होतं! वय चार, बोलणं जवळजवळ नाहीच, डोळे मात्र सारखे फिरते.

ही वही माझी आहे. कोर्सची निरीक्षणवही वेगळी. पाळणाघर चालवायचं तर बालमानसशास्त्राचा कोर्स केलाच पाहिजे असा नवा नियम निघालाय, म्हणून या वयात दर शनिवारी दुपारी बाकावर बसायला जाते. शिकवणाऱ्या बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांचा दंडक असा, की निरीक्षणवहीत दिसलं तेवढंच लिहायचं, वाटलं ते लिहायचं नाही. मला वाटल्याशिवाय काही दिसतच नाही. म्हणून ही दुसरी.

बुधवार, ४ फेब्रुवारी

मुंगीच्या आजोबांना थांबवून घेतलं. ते चष्म्याच्या काचा घासतात, बोटं कायम पांढरट. दुकान सात वाजता बंद करून येतात, त्यामुळे मुंगी रोज सगळ्यांत शेवटी जाते. बाकीची गेली की दाराशी लावलेल्या पडद्याजवळ बसून राहते.

मी चावण्याचं सांगितलं तर त्यांचा चेहरा इतका उतरला की मलाच कसंतरी झालं. म्हणाले, "बाई, तुम्ही नाही म्हणालात तर मला तिला लांबच्या मावसबहिणीकडे पाठवावं लागेल. ती बरी आहे माणूस म्हणून. पण पोरगी तिला ओळखत नाही आणि मी इथून हलू शकत नाही."

आईचं विचारलं. ती एका मोठ्या बोटीवर स्वयंपाकघरात कामाला लागलीय, ऑगस्टात येणार. वडील नाहीतच. "जाताना पोरगी रडू नये म्हणून पहाटे झोपेत असतानाच निघाली," म्हणाले. "उठल्यावर मी सांगितलं, आई दुकानात गेलीय."

मी म्हटलं, "बरोबर केलंत. मीही सगळ्यांना तेच सांगते."

आणि खरंच सांगते. माझ्या पाळणाघराची शिस्तच ती. मूल खेळात रमलं की आईने मागच्या मागे सटकायचं. टाटा नाही, पापे नाहीत, दारात गळाभेटी नाहीत. संध्याकाळीही तसंच. ज्याला न्यायला आलेत त्याला हळूच पडद्यामागे न्यायचं, बूट चढवायचे आणि बाकीच्यांना कळायच्या आत दाराबाहेर. एकाने भोकाड पसरलं की बाकीची सुरू होतात, हे मी पहिल्याच वर्षी शिकले. माझ्याकडे रडारड नसते, म्हणून तर लोक लांबून मुलं आणून सोडतात.

शनिवार, ७ फेब्रुवारी

आजच्या वर्गात दोन मतं झाली. एका मताप्रमाणे माणूस पहिल्या पाच-सहा वर्षांतच घडून जातो. बाळाचं अख्खं जग आधी तोंडात असतं. तो टप्पा नीट पार पडला नाही तर माणूस तोंडाशीच अडकून राहतो आणि मोठेपणी नखं खातो, विड्या ओढतो, टोचून बोलतो.

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "टोचून बोलणारेसुद्धा का?" आणि वर्तमानपत्र वर धरलं. वर्तमानपत्र हलत होतं.

दुसरं मत असं, की स्वभाव जन्मतःच येतो. काही मुलं सोपी, काही अवघड, काही सावकाश रुळणारी. वन्सं म्हणाल्या, "मग झालं तर, वहिनी. ही अवघड. सोडा नाद." वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, पहिल्या दिवसापासून पाळणाघरात माझा उजवा हात, आणि उजव्या हातासारख्याच नको तिथे पुढे. मी म्हटलं, "जन्मजात म्हटलं की सगळ्यांना हात झटकता येतात. मला हे मत मान्य नाही."

"तुमच्या मान्यतेवर चालतं का ते?"

ते बघू. सोमवारपासून तोंडाचा टप्पा.

मंगळवार, १० फेब्रुवारी

तोंडाचा टप्पा फुकट गेला. दात येणाऱ्या बाळांना देतात ती रबरी कडी मुंगीला दिली. तिने ती वळून वळून पाहिली आणि फुग्याच्या हातात नेऊन ठेवली. फुगा म्हणजे गोबऱ्या गालांचा, साडेतीन वर्षांचा. त्याने ती दिवसभर चघळली. संध्याकाळी मुंगी फुग्यालाच चावली, पोटरीला. कडी त्याच्या तोंडात होती म्हणून ओरडताही येईना बिचाऱ्याला.

आज लेकीच्या नावाने नोकरीचं पत्र आलं. दुसऱ्या शहरात नोकरी लागली. नकाशे काढायच्या मोठ्या ऑफिसात, तिला हवी होती तीच. ६ मार्चला निघणार. घरात नुसता आनंदीआनंद. ह्यांनी तिला पाठीत धपाटा घातला, वन्संनी रडून घेतलं. मीही छान झालं म्हणाले. मग लक्षात आलं की पोरीने केस वाळवलेले नाहीत आणि ओल्या टॉवेलचा बोळा खुर्चीवर टाकलाय, म्हणून बोलले. तिचं तोंड एवढंसं झालं. ओला टॉवेल खुर्चीवर टाकू नये, एवढंही बोलायचं नाही का?

शनिवार, १४ फेब्रुवारी

आजचं मत मला फार आवडलं. साधं, सरळ. ज्या वागण्याला बक्षीस मिळतं ते वाढतं, ज्याला मिळत नाही ते विझतं. मुलाच्या आत काय चाललंय याच्या फंदातच पडायचं नाही. बाईंनी कबुतरांचं उदाहरण दिलं, दाण्यासाठी बटण दाबणाऱ्या. कबुतराला जमतं ते मुंगीला जमेल.

येताना चकचकीत चांदण्यांची पाकिटं आणली. वन्संशी बसून ठरवलं, चांदणी नेमकी कशाला द्यायची? न चावण्याला द्यावी तर दिवसभर ती चावत नसतेच, मग दर मिनिटाला एक द्यावी लागेल. शेवटी ठरलं की चावली आणि "सोड" म्हटल्यावर लगेच सोडलं, तर चांदणी. म्हणजे सोडायची सवय वाढेल. मला तर हे इतकं पटलं की मीच वन्संना टाळी दिली.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

काय सांगू! सोमवारी एकदा चावली. मंगळवारी दोनदा. काल चार वेळा. आज मोठ्या जुळ्याचा हात धरला, अगदी हलके दात लावले, त्याला लागलंही नाही, आपणहून सोडला आणि माझ्यापुढे तळवा पसरून उभी राहिली. चांदणीसाठी.

फ्रॉकवर पुढे-मागे चांदण्याच चांदण्या. सेनापती दिसते नुसती. वर आज फुग्यानेही वन्संच्या अंगठ्याला दात लावले, सोडला आणि हात पुढे केला. ह्यांना हसताना ठसका लागला. "चावायची शाळा काढलीस तू," म्हणाले. मी चांदण्या कपाटावर टाकल्या आणि मग मलाही हसू आवरेना.

हसले खरी, पण महिना संपत आलाय. आजोबांनी मावसबहिणीला फोन करून ठेवलाय. नुसतं विचारून ठेवलंय, म्हणाले. मी त्यांना म्हटलं, "एवढ्यात कुणालाही फोन करू नका." कशाच्या जोरावर म्हटलं, कोण जाणे.

शनिवार, २१ फेब्रुवारी

आजचं मत, अनुकरण. मुलं बघतात ते करतात. एका प्रयोगात मोठ्या माणसांनी मुलांसमोर एका मोठ्या बाहुलीला बदडलं आणि नंतर मुलांना तिच्यासोबत सोडलं, तर मुलांनीही बदडलं, वर मोठ्यांचे तेच शब्द वापरले. वर्ग गंभीर झाला. मी मनात म्हटलं, म्हणजे मुंगी कुणाला तरी चावताना बघते. पण कोण? आजोबांना तर कवळी आहे.

वन्संना विचारलं, "आपल्यात असं कोण वागतं?" त्या नको इतका वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला काय माहीत, वहिनी. दूध उतू जाईल." दूध गॅसवर नव्हतंच.

लेक नवे बूट घेऊन आली. तपकिरी, नाड्यांचे, जाड तळव्याचे. घरभर घालून फिरली, पायात रुळावेत म्हणे. टकटक टकटक. मला अचानक इतका संताप आला! म्हटलं, "घरात बूट घालून फिरायची पद्धत कधीपासून? आणि हा काय रंग?" ती म्हणाली, "आई, मागच्या आठवड्यात टॉवेल, काल केस, परवा मोठ्याने हसले म्हणून. मी काय केलंय तुझं?" काही केलेलं नाही. मला फक्त तो रंग आवडला नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी

एक गोष्ट सापडली. निरीक्षणवहीतली पानं सलग वाचत बसले होते. दिसलं तेवढंच लिहायची बाईंची सक्ती एकदाची कामाला आली. धाकटा जुळा, त्याला चावली तेव्हा त्याने बूट घातलेले. फुगा, बूट. मोठा जुळा, बूट. चांदण्यांच्या आठवड्यातला धुमाकूळ वगळला तर मुंगी बूट न घातलेल्या मुलाला एकदाही चावलेली नाही!

वन्संचं म्हणणं, चामड्याचा वास. माझं म्हणणं, पॉलिशचा. शेवटी एका बुटाला पॉलिश लावून आणि एक तसाच असे दोन्ही मुंगीच्या नाकाशी धरून पाहिले. तिने दोन्ही घेतले आणि पळाली. खेळण्यांच्या पेटीच्या तळाशी सापडले, वर ठोकळे रचलेले. तिथेच फुग्याचा एक सँडलसुद्धा होता, शुक्रवारपासून शोधत होतो तो. त्याची आई त्याला एका पायात मोजा घालून घरी घेऊन गेली होती.

म्हणजे वासच. उद्याच पॉलिश बंद करायला सांगते सगळ्यांना.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

पॉलिश बंद करून काही झालं नाही. काल फुगा, आज पुन्हा धाकटा जुळा. आम्ही पडद्यामागे त्याचे बूट चढवले होते, आई दारात उभी होती, आणि ही पडद्याखालून सरपटत आली. त्याच्या आईने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. माझ्या डोक्यात सणक गेली, पण मी आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे हात जोडले. म्हटलं, "एक आठवडा. पुढचा शुक्रवार. त्यानंतर तुम्ही म्हणाल ते."

"तुम्ही त्या मुलीसाठी एवढं का करताय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "तुमच्या धाकट्याने पहिले सहा महिने कुणाच्या हातचं दूध घेतलं नव्हतं. तेव्हाही मला कुणीतरी हेच विचारलं होतं."

तिने धाकट्याला कडेवर घेतलं. "शुक्रवार," म्हणाली. मला नाही सोडायची ही पोर. झोपताना माझ्या पदराचं टोक मुठीत धरते, आणि मी उठून जाऊ नये म्हणून एक डोळा अर्धा उघडा ठेवते.

शनिवार, २८ फेब्रुवारी

आधी हे लिहून काढते.

आज बाईंनी जवळिकीचं मत शिकवलं. माणसाचा स्वभाव कशावर उभा राहतो, तर लहानपणी एका तरी माणसावर विसंबता आलं का, यावर. एक प्रयोग असतो. अनोळखी खोली, खेळणी, आई आणि मूल. आई खोलीबाहेर जाते, थोड्या वेळाने परत येते. मूल रडलं की नाही हे एवढं महत्त्वाचं नसतं. आई परत आल्यावर मूल काय करतं, ते बघायचं असतं.

मला राहवलं नाही. हात वर केला. म्हटलं, "बाई, मूल खेळात रमलं की आईने हळूच सटकावं, म्हणजे ते रडत नाही. बावीस वर्षांचा अनुभव आहे माझा."

बाई म्हणाल्या, "रडत नाही, खरं आहे. पण खेळतं का नीट?"

"म्हणजे?"

"त्याने एकदा खेळण्यात डोकं घातलं आणि आई नाहीशी झाली. पुढच्या वेळी ते डोकं घालेल का? मग मूल पहारा देतं. कोण निघालंय, कोण नाहीसं होणार. आणि जे निघालंय त्याला धरून ठेवायला चार वर्षांच्या मुलाजवळ असतं काय? हात छोटे असतात."

वर्ग पुढे गेला. मी तिथेच राहिले. हात छोटे असतात, पण दात असतात. माझ्या पाळणाघरात बूट कोण घालतं? जे निघालंय ते.

पोरगी चावत नव्हती. धरून ठेवत होती. झोपेतून उठली तर आई नाही, आणि इथे रोज एकेक मूल पडद्यामागे जातं आणि येतच नाही. ही शिस्त माझी. मीच शिवलाय तो पडदा.

घरापर्यंत चालत आले. रस्त्यात दोनदा बसले. आल्या आल्या स्टुलावर चढून पडदा काढला, दांडीसकट.

सोमवार, २ मार्च

नवा नियम. कुणी सटकायचं नाही. येताना-जाताना दारात उभं राहून मुलाच्या डोळ्यांत बघून सांगायचं, जाते, आणि केव्हा येणार तेही. संध्याकाळी जाणाऱ्या मुलाने सगळ्यांसमोर बसून बूट घालायचे.

सकाळी जो काही आकांत झाला! आया सांगतात, मुलं त्यांच्या गुडघ्यांना मिठ्या मारतात, एक रडलं की सगळी. फुग्याच्या आईची बस चुकली, तीही रडायला लागली. शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, कुणी गेलं का म्हणून. वन्सं कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "वहिनी, बावीस वर्षांची अब्रू गेली आज एका सकाळीत!"

"जाऊ दे," मी म्हटलं.

मुंगी रडली नाही. ती प्रत्येक आईच्या तोंडाकडे बघत होती. दिवसभर मी तिला एकच धडा दिला. बूट घेतले, तिच्यासमोर घातले, आणि ती तोंड उघडून आली की तिच्या ओठांवर बोट ठेवलं. "चावायचं नाही. विचारायचं. कधी येणार?" मग मी दाराबाहेर जायची आणि परत यायची. जायची आणि यायची. गुडघ्यांचं भरीत झालं. वन्सं म्हणाल्या, पोर शहाणी होईल, पण तुम्ही कामातून जाल.

संध्याकाळी ती कुणाला चावली नाही, पण विचारलंही नाही. कारण मला माहीत आहे. आई कधी येणार, याचं खरं उत्तर तिला कुणी दिलेलंच नाही.

मंगळवार, ३ मार्च

मुंगीला घेऊन आजोबांच्या दुकानात गेले. घासायचं चाक फिरत होतं, त्यावर पाण्याची बारीक धार. म्हटलं, "चाक थांबवा. पोरीला खरं सांगायचंय."

"रडेल ती."

"रडू दे."

"मला नाही बघवत हो, बाई." मग त्यांनी सांगितलं. गेले दोन महिने मुंगी कुठल्याही दुकानात शिरली की बाहेरच येत नाही. आत आत बघत राहते, पोत्यांच्या मागे, टेबलांच्या खाली. त्यांना वाटायचं, खाऊ हवाय.

त्यांनीच चाक थांबवलं. तिला टेबलावर बसवलं आणि म्हणाले, "बाळा, आई दुकानात नाहीये. मी खोटं बोललो. आई बोटीवर कामाला गेलीय. तू झोपली होतीस म्हणून सांगून गेली नाही. चुकलं आमचं."

"दुकानात नाही?"

"नाही."

"कुठल्याच?"

"कुठल्याच नाही, गं. लांब समुद्रात आहे. तुझ्या वाढदिवसाच्या आधी येणार."

तिने थोडा वेळ त्यांच्या पांढऱ्या बोटांकडे पाहिलं आणि मग जी रडायला लागली! दोन महिन्यांचं एकदम. आजोबा रडत होते, मी रडत होते. एक गिऱ्हाईक चष्मा घ्यायला आलं आणि तसंच मागे फिरलं. रडून झाल्यावर तिने फ्रॉकने नाक पुसलं आणि विचारलं, "कधी येणार?" त्यांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. घरी येईपर्यंत मी किती वेळा सांगितलं, देव जाणे.

गुरुवार, ५ मार्च

झालं! उद्यापर्यंत थांबावं लागलं नाही.

संध्याकाळी जुळ्यांची आई आली. दोघं सगळ्यांसमोर बसून बूट घालत होते. मुंगी उठली. तडक धाकट्याकडे गेली आणि त्याचा दंड धरला. त्याने डोळे मिटून घेतले, त्याची आई पुढे सरसावली, मी तिचा हात धरून थांबवला. मुंगीचं तोंड उघडलं.

"कधी येणार?" तिने विचारलं.

धाकट्याने एक डोळा उघडला. "उद्या."

"उद्या कधी?"

त्याला सांगता येईना. त्याने आईकडे पाहिलं. ती बँकेतली खमकी बाई मुंगीपुढे खाली बसली, साडीची पर्वा न करता, आणि म्हणाली, "उद्या सकाळी. तुझं दूध पिऊन होईल ना, तेव्हा. दोघंही येणार."

मुंगीने दंड सोडला. कुणी चांदणी दिली नाही, तिने मागितली नाही. जाताना जुळ्यांची आई मला म्हणाली, "मावशी, राहू दे तिला." एवढंच. मी आत जाऊन पदर तोंडाला लावला आणि मनसोक्त रडले.

हे सगळं लेकीला सांगायचं होतं. खोलीत गेले तर ती बॅग भरत होती आणि बूट खाली वर्तमानपत्रावर ठेवलेले. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. बॅग किती कोंबलीस, फाटेल, तुला कधी अक्कल येणार, तिथे कोण आवरणार तुझं. ती रडवेली झाली. मी म्हटलं, "उद्या मी काही स्टेशनवर यायची नाही. मी मुलांत असेन तेव्हा मागच्या दाराने निघून जा. उगाच दारात तमाशा नको."

हे दाराशी उभे होते. माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लहान मूल आहे. मला त्यांचाही राग आला. आज इतका चांगला दिवस होता आणि सगळ्यांनी मिळून घालवला.

शुक्रवार, ६ मार्च

दुपारी लेक मागच्या दाराने गेली नाही. बॅग घेऊन सरळ मुलांच्या खोलीत आली आणि दाराजवळच्या बुटक्या बाकावर बसली, मुलं बसतात तिथेच. बूट घालायला लागली.

"मागच्या दाराने जा म्हटलं होतं ना?" मी म्हटलं.

"मुलांना सांगून जाते. नियम आहे ना तुझा."

"नियम मुलांसाठी आहे. आणि त्या नाड्या बघ कशा बांधल्यास. पहिल्याच पायरीवर तोंडावर आपटशील. इतकी वर्षं शिकवलं, पण नाही. आईचं ऐकायचंच नाही. बूट बघा म्हणावं बाईसाहेबांचे..."

माझा आवाज चढत होता, मला कळत होतं, आणि थांबवता येत नव्हता. फुग्याचा घास तोंडातच राहिला. लेकीने मान वर केली नाही, पण तिची बोटं नाडीवर थांबली.

तेवढ्यात मुंगी उठली. सरळ माझ्याकडे आली. मी बसलेलीच होते, तिचा हात पोचला. तिने माझ्या ओठांवर बोट ठेवलं.

"मावशी," ती म्हणाली, "चावायचं नाही. विचारायचं."

मी म्हणणार होते, अगं, मी कुठे चावतेय? पण तिचं बोट ओठांवर होतं आणि समोर माझ्या लेकीच्या पायांत बूट होते. टॉवेल, केस, हसणं, रंग, बॅग. सगळं एका रांगेत उभं राहिलं, निरीक्षणवहीतल्यासारखं. वन्सं कोपऱ्यात दूध ढवळत होत्या. ढवळायच्या थांबल्या.

मुंगी वाट बघत होती. तिला तो धडा मीच दिला होता, पुरा करून घेतल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"कधी येणार गं?" मी विचारलं. आवाज माझा वाटलाच नाही.

लेकीने मान वर केली. दोन्ही डोळे भरलेले. "पुढच्या महिन्यात, आई. दुसऱ्या शनिवारी. तुझा वर्ग सुटेपर्यंत मी घरी आलेली असेन."

"नक्की?"

"नक्की."

मग ती माझ्या गळ्यात पडली आणि आम्ही दोघींनी दारात तो तमाशा केला, जो मी बावीस वर्षं कुणाला करू दिला नाही. फुगा रडला, जुळे रडले, वन्संनी तर ताळच सोडला. हे बॅग उचलून, "गाडी चुकेल, गाडी चुकेल," करत डोळे पुसत होते. लेकीने खाली बसून एकेकाला सांगितलं, जाते, आणि केव्हा येणार तेही. मुंगीला दोनदा सांगावं लागलं.

मी पायरीवर उभी राहिले. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत नवे बूट ऐकू येत होते. नाड्या बरोबर बांधल्या होत्या.

उद्या वर्ग आहे. निरीक्षणवहीत आजच्या तारखेखाली लिहिलं, लेक गेली, सांगून गेली, पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी येणार. तिथे वाटलं ते लिहायचं नसतं, म्हणून इथे लिहिते. फार वाईट वाटतंय. तिच्याशिवाय घर खायला उठलंय, आणि तिला जायलाच हवं होतं, आणि मला ती हवी आहे.